मरीन टँकमधले मासे पुन्हा पुन्हा मरत असतील तर आधी दिवस मोजा

पाणी आरशासारखं निवळ, दिवे लागलेले, पाणी ढवळणारा वेव्हमेकर चालू, आणि खाली वाळूवर आडवा पडलेला क्लाउनफिश. आणून जेमतेम आठवडा झालेला. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात असेच दोन गेलेले. नवा मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा टँक लावलेल्या माणसाचा फोन आला की बहुतेक वेळा हेच वर्णन ऐकायला मिळतं, आणि शेवटचा प्रश्नही तोच असतो: "दादा, रविवारी दुसरी जोडी आणायला चाललोय. या वेळी काय काळजी घेऊ?"

या रविवारी जाऊ नका, हीच काळजी. कारण सापडल्याशिवाय आणलेला मासा आधीच्याच वाटेने जातो. गेली बारा वर्षं मी ठाण्यात आणि पुण्यात ओळखीच्यांचे असे टँक बघत आलोय. महागडं यंत्र बिघडलंय असं क्वचितच निघतं. घाईघाईत गाळलेली एखादी पायरीच बहुधा सापडते. ती कुठली, हे शोधायचा माझा क्रम खाली देतोय. आधी फुकटच्या तपासण्या, मग दोन-तीनशे रुपयांच्या, मग खर्चाच्या. हा क्रम मोडू नका, कारण वरचं काही चुकलेलं असेल तर खालच्या मोजमापांचा अर्थच लागत नाही.

लक्षणं: मासा कितव्या दिवशी गेला?

कुठलीही औषधाची बाटली उघडण्याआधी एक कागद घ्या. मासा टँकमध्ये सोडल्याची तारीख लिहा, गेल्याची तारीख लिहा. आधी गेलेल्या माशांच्याही आठवतील तशा लिहा. मधले दिवस मोजले की निम्मं निदान तिथेच होतं.

काही तासांत किंवा पहिल्या रात्रीतच गेला असेल तर पाण्यात विष आहे, प्राणवायू कमी पडतोय, किंवा पिशवीतून टँकमध्ये सोडताना घोटाळा झालाय. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, आधी खाणं सोडून, कोपऱ्यात उभं राहून गेला असेल तर खारेपणातला फरक किंवा व्हेल्वेट नावाचा रोग. पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात एकेक करत गेले तर अमोनिया किंवा पांढरे ठिपके. आणि दोन-तीन महिने सगळं उत्तम चाललेलं असताना एका रात्रीत सगळे गेले, तर वीज, उष्णता किंवा घरातली फवारणी.

मग विचारायचं, टँकमध्ये कोळंबी, गोगलगायी, हर्मिट खेकडे आहेत का, आणि त्यांचं कसं चाललंय? मासे मरताहेत पण कोळंबी मजेत फिरतेय, तर बहुधा रोग आहे, कारण पांढरे ठिपके आणि व्हेल्वेट हे माशांनाच होतात. कोळंबी आधी उलटी पडली आणि मासे नंतर गेले, तर कीटकनाशक, तांबं किंवा खारेपणाचा झटका. या एका प्रश्नाने माझे कित्येक तास वाचलेत.

अंगावर काय दिसतं तेही बघा, पण टँकचे दिवे बंद करून, बाजूने टॉर्च मारून. मिठाच्या दाण्यांसारखे सुटे, मोजता येतील असे ठिपके असतील तर क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पिठीसाखर भुरभुरल्यासारखा बारीक थर असेल आणि मासा वेव्हमेकरच्या झोतात तोंड खुपसून भराभर श्वास घेत असेल तर व्हेल्वेट. ठिपका नाही, थर नाही, पण मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतोय, तर अमोनिया किंवा प्राणवायू.

मासा आत्ता, हे वाचत असताना धापा टाकत असेल तर निदान नंतर. वेव्हमेकरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा, म्हणजे पाणी खळबळेल. एअर पंप असेल तर जोडा. तयार खारं पाणी हाताशी असेल, त्याचं तापमान आणि खारेपणा टँकसारखाच असेल, तर तिसरा हिस्सा पाणी बदला. खाणं बंद ठेवा. आणि यापुढे घरात वीस-तीस लिटर खारं पाणी कायम तयार ठेवा. रात्री अकरा वाजता मीठ ढवळायला बसण्यात मासा जातो.

आणखी एक, सगळ्यांच्या आधी. टँकमध्ये हात घातल्यावर मुंग्या आल्यासारखं किंवा बारीक चटका बसल्यासारखं वाटलं, तर हात बाहेर काढा, मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटर किंवा पंपाची वायर चिरली असेल तर खाऱ्या पाण्यात वीज फार सहज पसरते. टँकच्या लाइनवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच लाइन तोडणारा स्विच, नसेल तर त्याच भेटीत बसवून घ्या. यात घरच्या घरी काही करायचं नाही.

फुकटची तपासणी: कॅलेंडर

टँकमध्ये खारं पाणी कधी भरलं आणि पहिला मासा कधी सोडला? मध्ये किमान चार ते सहा आठवडे गेलेले नसतील, तर बाकीचं सगळं तपासा, पण पहिला संशय इथेच धरा.

माशाच्या मलमूत्रातून, कल्ल्यांतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. दगडांवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. याला टँकची सायकल म्हणतात. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. बाटलीतले जिवाणू टाकल्याने सुरुवात लवकर होते, पण त्यांनाही दगडावर बस्तान बसवायला वेळ लागतोच. गोड्या पाण्याचे मासे वर्षानुवर्षं पाळलेले लोक इथेच फसतात, आणि त्यात त्यांचा निष्काळजीपणा नसतो. गोड्या टँकमध्ये पीएच ७ च्या आसपास असतो आणि तिथे बहुतेक अमोनिया अमोनियमच्या, म्हणजे पुष्कळ कमी घातक रूपात राहतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. तिथे तेवढ्याच अमोनियाचा विषारी हिस्सा दहापटीहून जास्त होतो. गप्पीने आणि मॉलीने जे निभावून नेलं, ते क्लाउनफिशला निभत नाही.

"सायकल करायला आधी दोन डॅमसेल मासळ्या सोडा, त्या चिवट असतात," असा सल्ला दुकानांतून सर्रास मिळतो. तो ऐकू नका. त्या बिचाऱ्या अमोनियात होरपळतात, आणि ज्या वाचतात त्या पूर्ण टँक आपला समजून पुढच्या प्रत्येक माशाला हाकलतात. त्यांना बाहेर काढायचं तर सगळे दगड उपसावे लागतात. त्यापेक्षा बाजारातून कोळंबी आणताना त्यातली एक, मीठ-मसाला न लावलेली, जुन्या मोज्यात बांधून टँकमध्ये टाका. ती कुजली की अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. घरात वास येईल, आठवडाभर सोसा. आठवड्याने काढून टाका.

फुकटची तपासणी: घरातली हवा

हे कुणी विचारत नाही, म्हणून मी आधी विचारतो. टँकच्या खोलीत डासांची लिक्विड मशीन लावता का? कॉइल? झुरळांचा स्प्रे? गेल्या महिन्यात पेस्ट कंट्रोल झालं? रंगकाम?

या बहुतेक औषधांत पायरेथ्रॉइड जातीची रसायनं असतात. ती माणसाला सौम्य आणि मासे-कोळंबीला अत्यंत विषारी. एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो, फेस काढून पाणी गाळणारा स्किमर तर तेच काम जास्त जोरात करतो. डोंबिवलीच्या एका घरात दर पावसाळ्यात टँक रिकामा व्हायचा. तीन वर्षं त्यांनी मीठ बदललं, दिवे बदलले, दुकान बदललं. मी गेलो तेव्हा एअर पंपाच्या शेजारच्याच सॉकेटमध्ये डासांची मशीन होती, हातभरही अंतर नव्हतं. मशीन दुसऱ्या खोलीत गेली, एअर पंपाची नळी खिडकीबाहेर काढली, ॲक्टिव्हेटेड कार्बन बदलला, आठवड्यात दोनदा पाणी बदललं. त्यानंतरच्या पावसाळ्यात कोळंबीसुद्धा टिकली.

पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर टँक प्लास्टिकने पूर्ण झाका, एअर पंप आणि स्किमर बंद ठेवा, पाणी फिरवणारे पंप मात्र चालू ठेवा, आणि खोली नीट हवेशीर झाल्यावरच झाकण काढा. साबण लागलेला हात, हँडवॉश, मॉइश्चरायझर, काचा पुसायचा स्प्रे हेही याच यादीत धरा.

दोनशे रुपयांची तपासणी: तापमान

थर्मामीटर सकाळी सहाला आणि दुपारी चारला बघा. एकाच वेळी बघून उपयोग नाही, मासा दुपारच्या आकड्याने मरतो. २४ ते २७ अंश उत्तम, ३० च्या वर गेलं की धोका. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू मावतो, आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. उलट माशाची गरज उष्णतेने वाढते. एप्रिल-मे मध्ये रात्रीतून मासे जाण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय छान चालतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तेवढा चालत नाही, तिथे खोलीचा एसी किंवा पाणी थंड करणारा चिलर लागतो. म्हणून टँक घेण्याआधीच ठरवा की मे महिन्यात तो थंड कसा ठेवणार. चिलरचा खर्च नंतर अंगावर आला की लोक तो टाळतात आणि दर उन्हाळ्यात मासे गमावतात.

वीज जाण्याचंही इथेच बघून घ्या. पंप बंद पडला की माशांबरोबर जिवाणूंचाही प्राणवायू तुटतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप किंवा इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर, एवढी सोय पहिल्या दिवसापासून हवी. कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्यातला फिल्टर चार-पाच तास बंद राहिला असेल तर तसाच सुरू करू नका. आतलं पाणी कुजलेलं असतं. ते ओतून, स्पंज खाऱ्या पाण्यात हलवून मगच जोडा.

टीडीएस मीटर: पाणी कुठलं?

मीठ घालण्याआधी तुमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण किती? शून्य हवा, फार तर पाच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, कधी जुन्या पाइपातलं तांबंही येतं, ते क्लोरीन काढणाऱ्या थेंबांनी जात नाही.

"आमच्याकडे आरओ आहे ना," असं म्हणतात आणि मीटर लावल्यावर ८० दिसतात. घरच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो. तो थोडं गाळण्याआधीचं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. माणसाला ते चांगलं, टँकला नाही. एकतर मेंब्रेनमधून सरळ येणारी नळी वेगळी काढून घ्या, किंवा टँकसाठी उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन असलेलं वेगळं छोटं युनिट लावा.

चौपाटीचं किंवा खाडीचं पाणी भरून आणू नका. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी गोडं होतं, आणि सांडपाणी, डिझेल सोबत येतं ते वेगळंच. जाडं मीठ किंवा खडेमीठ वापरून पाणी करणंही नको. खारं लागतं खरं, पण समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, ते त्यात तेवढं नसतं. मरीन मीठच घ्या, आणि नेहमी पाण्यात मीठ घाला. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट तिथल्या तिथे एकमेकांना धरून बसतात, पाणी दुधासारखं होतं आणि ते मीठ वाया जातं.

रिफ्रॅक्टोमीटर: खारेपणा

इथे सगळ्यात जास्त मासे जातात असा माझा अनुभव आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे घटलेलं पाणी भरून काढताना फक्त साधं आरओ पाणी घालायचं. किती तरी लोक प्रामाणिकपणे समजतात की खाऱ्या टँकमध्ये खारंच पाणी घालायचं असतं. हिशेब करून बघा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये सुमारे २४० लिटर पाणी बसतं. लिटरला ३५ ग्रॅम धरले तर त्यात ८.४ किलो मीठ. उन्हाळ्यात पंख्याखाली रोज तीन लिटर उडतं असं समजा. ते खाऱ्या पाण्याने भरलं तर रोज १०५ ग्रॅम मीठ वाढतं, दहा दिवसांत एक किलो. म्हणजे ३५ चा खारेपणा ३९ च्या वर. मासा हळूहळू आक्रसत जातो, आणि काचेतून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. टँकच्या बाहेर मार्करने पाण्याची रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंत साधं पाणी घाला.

मोजायला प्लॅस्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर असेल तर काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून खारेपणा सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पण तोही ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणाने लावून घ्या. शुद्ध पाण्यावर शून्य बरोबर दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला दोन-तीन अंकांनी चुकलेला मी अनेकदा पाहिलाय. विशिष्ट गुरुत्वात सांगायचं तर १.०२५ ते १.०२६.

दुसऱ्या ते पाचव्या दिवशी जाणाऱ्या माशांबद्दल आता. पुष्कळ दुकानांत मासे १.०१८ ते १.०२० अशा कमी खारेपणात ठेवतात. मीठ कमी लागतं आणि परजीवीही थोडे आवरतात. तुमच्या घरी पाणी अगदी नेमकं १.०२६. पिशवी अर्धा तास तरंगवली, तासभर थेंब थेंब पाणी सोडलं, मासा छान पोहायला लागला, रात्री खाल्लंसुद्धा. तिसऱ्या दिवशी गेला. खारेपणा कमी होणं मासे बरंच सोसतात, वाढणं सोसत नाहीत. आतलं पाणी बाहेर खेचलं जाण्याशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात. म्हणून दुकानात विचारा, आणि सांगितलेल्यावर न थांबता पिशवीतलं पाणी स्वतः मोजा. वेगळ्या छोट्या टँकचा खारेपणा आधीच पिशवीइतका करून ठेवा, मासा त्यात सोडा, आणि रोज ०.००१ ते ०.००२ एवढाच वाढवत न्या.

मासा कुरियरने वीस-चोवीस तास प्रवास करून आला असेल तर आणखी एक गोष्ट. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तेवढा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा माशाला तासन्‌तास त्या पाण्यात ठेवून थेंब सोडणं म्हणजे त्याला विषात ठेवणं. तापमान जुळेपर्यंत बंद पिशवी तरंगवा, उघडा, खारेपणा जुळवलेल्या पाण्यात मासा लगेच सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट

किटवरची मुदत आधी बघा. मग खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, नळीमागे पांढरा कागद धरून रंग वाचा. पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि फिकट हिरवा सारखेच दिसतात, आणि नेमका तेवढाच फरक शून्य आणि धोका यांच्यामधला आहे. नायट्रेटच्या किटमध्ये दुसऱ्या बाटलीतलं द्रव्य तळाशी बसतं. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर नायट्रेट कमी दिसतं.

अमोनिया शून्य हवा. "थोडासाच आहे" असं काही नसतं. नायट्राइट खाऱ्या पाण्यात माशांना गोड्या पाण्याइतकं बाधत नाही, पण ते दिसतंय म्हणजे सायकल पुरी झालेली नाही, आणि मासा आणायची वेळ आलेली नाही. खात्री करायची सोपी पद्धत अशी: रिकाम्या टँकमध्ये अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) वाढवा आणि चोवीस तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर जिवाणू तयार आहेत. याच सुमारास काचेवर आणि वाळूवर तपकिरी शेवाळ येतं. घाबरून औषध टाकू नका, नव्या टँकमध्ये ते येतंच आणि काही आठवड्यांत ओसरतं.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून असोत की पुण्यातल्या दुकानातून, एका वेळी एकच मासा किंवा एक जोडी. पुढचा तीन-चार आठवड्यांनी. जिवाणूंची संख्या आत्ताच्या अमोनियापुरतीच असते. एकदम पाच मासे आले की सायकल झालेल्या टँकमध्येही अमोनिया चढतो.

दगड आणि वाळू

पाणी बरोबर असूनही फॉस्फेट चढत असेल, शेवाळ थांबत नसेल, कोळंबी मरत असेल, तर दगडांकडे बघा. किनाऱ्यावरून उचललेले शंख-शिंपले आतून कुजत असतात. सजावटीचा गंजका स्क्रू, चुंबकाचं फुटलेलं आवरण, पितळी नोझल हेही शोधा, तांब्याचा अंशही कोळंबीला मारायला पुरतो.

मालवणला पाण्यात उतरल्यावर प्रवाळाचा तुकडा उचलून आणणारे भेटतात, बाजारात मेलेलं कोरल विकणारेही. ते घेऊ नका. रीफ बांधणारी प्रवाळं आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, मेलेली असली तरी. सिरॅमिकचे किंवा तयार कोरडे दगड आणि ॲरागोनाइटची वाळू यांनी तितकाच चांगला टँक होतो, फक्त जिवाणू बसायला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. क्लाउनफिशही टँकमध्येच पैदास झालेले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलेलं आहे, आणि हॅचरीतले मासे टँकला सरावलेले असतात, दाणे लगेच खातात.

रोग: इथून पुढे खर्च आणि खरा संयम

वरचं सगळं बरोबर निघालं आणि तरी अंगावर ठिपके आहेत. अशा वेळी लोक दोन दिवस थांबतात, ठिपके गळतात, "बरा झाला" म्हणून फोन येतो. पुढच्या आठवड्यात दुप्पट ठिपके. परजीवी माशावरून उतरून वाळूत, दगडावर गाठी करून बसतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. ठिपके जाणं हा त्याच्या फेऱ्याचाच भाग आहे.

उपाय एकच: सगळे मासे, निरोगी दिसणारेही, वेगळ्या टँकमध्ये हलवायचे आणि मुख्य टँक बिनमाशांचा ठेवायचा. जाणती मंडळी ७६ दिवस धरतात, कारण गाठी फार काळ तग धरू शकतात. कोळंबी, गोगलगायी राहू द्या. माशांवर तांब्याचं औषध वेगळ्याच टँकमध्ये, लेबलवरच्या मात्रेत, तांब्याच्या टेस्ट किटने रोज मोजून. मुख्य टँकमध्ये तांबं एकदा गेलं की दगड ते शोषून घेतात आणि कोळंबी तिथे पुन्हा ठेवता येत नाही.

वेगळा टँक फार मोठा लागत नाही. चाळीस-पन्नास लिटरचा, तळ रिकामा, लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो, एक स्पंज फिल्टर. तो स्पंज महिनाभर आधीपासून मुख्य टँकच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टर टाकीत टाकून ठेवा, म्हणजे जिवाणू तयार असतात. नवा प्रत्येक मासा इथे चार आठवडे काढूनच पुढे जाईल, हे पहिल्या माशाच्या आधी ठरवा. व्हेल्वेट दोन-तीन दिवसांत पूर्ण टँक संपवतो, तेव्हा धावपळ करून वेगळा टँक उभा करायला वेळ मिळत नाही.

कुठे थांबायचं

काचेच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल, सिलिकॉन सुटलेलं दिसत असेल, तर बाहेरून लेप लावत बसू नका. पाणी उतरवा आणि टँक बनवणाऱ्याला बोलवा. वरच्या २४० लिटरच्या टँकचं काच-दगडांसह वजन ३०० किलोच्या वर जातं. जुन्या इमारतीत तो भिंतीपासून दूर, स्लॅबच्या मधोमध ठेवायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. चिलर थंड करत नसेल तर जाळी साफ करणं तुमचं काम, गॅस आणि कॉम्प्रेसर फ्रिजवाल्याचं.

आणि रोग ओळखू येत नसेल, किंवा तांब्याचा एक पूर्ण कोर्स देऊनही मासे जात असतील, तर दुसरं औषध, तिसरं औषध असं करत जाऊ नका. जलचरांचं काम करणारा पशुवैद्य गाठा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. कोकणात असाल तर तिथे विचारता येतं. नुकताच गेलेला मासा फ्रीझरमध्ये टाकू नका, गोठला की परजीवी ओळखता येत नाहीत. स्वच्छ पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि काही तासांत पोहोचवा. टँकचं अर्धा लिटर पाणी वेगळ्या बाटलीत काठोकाठ भरून घ्या. सोबत पहिल्या दिवशी लिहिलेला तो तारखांचा कागद न्या. तिथेही पहिला प्रश्न हाच विचारतील की मासा आणून किती दिवस झाले होते.